सासऱ्यांचे बूट आणि न थांबणारं पायडल

माझ्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारा दुहेरी दांडा, वाकला तो भिवंडीजवळच्या कोन गावच्या रस्त्यावर, आणि चूक पूर्णपणे माझी होती. पुढे पेंढ्याने भरलेली बैलगाडी चालली होती. उभी नव्हती, चालली होती. तरीही मी तिला मागून जाऊन धडकलो. गाडीवान खाली उतरला, त्याने आधी पेंढा नीट आहे ना ते पाहिलं, मग बैलांकडे पाहिलं आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

"काय रं, झोपला व्हतास काय?"

झोपलो नव्हतो. मुलीचं नाव काय ठेवावं याचा विचार करत होतो. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, गणेशपुरीजवळच्या गावी गेली होती, आणि आदल्याच दिवशी मुलगी झाल्याचा निरोप आला होता. गाडीवानाला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "मंग पेढं वाट. गारीखाली कशाला जातो?"

वर पेंढा होता म्हणून माझं तोंड वाचलं. खाली गाडीचा लोखंडी आस होता, त्यावर चाक आदळलं आणि चिमटा मागे वाकला. म्हणजे पुढचं चाक पायडलच्या जवळ सरकलं. सरळ रस्त्यावर हे कळत नसे. पण हँडल जास्त वळवलं की चाकाची मागची कड बाहेर येई आणि त्याच वेळी पुढे असलेल्या पायाच्या बोटांना घासून जाई. त्यातही उजवीकडे वळलं की मार डाव्या पायाला, आणि डावीकडे वळलं की उजव्याला. हा न्याय मला कळेपर्यंत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली होती.

तरी त्या वेळी काही मोठं बिघडलं नव्हतं. वळताना पायडल मारायचं थांबवायचं, ज्या पायाला धोका आहे तो मागे ठेवायचा, आणि चाक आपोआप फिरत असताना वळून जायचं. दुसरा एखादा माणूस सायकलवाल्याकडे जाऊन नवा चिमटा घालून आला असता. मी म्हटलं, चालतंय की. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे या दोन शब्दांपासून सुरू झालेले आहेत.

दोन-तीन आठवड्यांनी मागच्या चाकाचं फ्रीव्हील घसरायला लागलं. पायडल मारावं तर नुसतं पायडलच फिरे, सायकल जागेवर. मी राहायचो ती खोली एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला चिकटून होती, मधे एकच भिंत. त्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे लूम बिघडले की दुरुस्त करणारा माणूस, माझा शेजारी. वयाने मोठा, म्हणून मी त्याला चाचा म्हणायचो. तो मूळचा उत्तरेचा, पण भिवंडीत इतकी वर्षं काढलेली की त्याच्या हिंदीत मराठी आणि माझ्या मराठीत त्याची हिंदी असा कारभार चालायचा. चाचाचा स्वतःच्या अकलेवर माझ्यापेक्षाही जास्त विश्वास होता. त्याने सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं आणि निदान केलं.

"बाबू, ये फ्री का लफडाच नको. लूम में कोई चीज फ्री रहती है क्या? सब एक-दुसरे को पकडून चालतं. तभी कपडा निकलता है."

आणि त्याने फ्रीव्हील वेल्डिंगने चाकाला कायमचं जोडून टाकलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो पहिल्या वळणावर. आता चाक फिरलं की पायडल फिरणारच. पाय थांबवायची सोय संपली. उतारावर मी पायडल मारत नव्हतो, पायडलच माझे पाय मारत होतं. आणि वळताना पाय मागे ठेवणं वगैरे विसरायचं, कारण पाय कुठे असावा हे आता चाक ठरवणार. मी नाक्यावर उजवीकडे वळलो, डावा पाय नेमका पुढे आला, चाकाने चपलेचं टोक पकडलं, आणि मी एका नारळवाल्याच्या पाटीला मिठी मारून थांबलो.

चाचाला सांगितलं तेव्हा तो जराही खचला नाही. "टायमिंग बाबू, टायमिंग."

लूममध्ये धोटा सुताच्या दोन थरांमधून एका बाजूने दुसऱ्या बाजूला मारला जातो. वेळ चुकली की धोटा मधेच अडकतो आणि सूत तुटतं. चाचाचं म्हणणं असं की वळणाचंही तेच. उजवा पाय पुढे आला की 'खट', डावा आला की 'पट'. उजवीकडे वळायचं असेल तर फक्त 'खट'ला हँडल वळवायचं, 'पट'ला सरळ करायचं, पुन्हा 'खट'ला वळवायचं. असं तुकड्या-तुकड्याने वळून जायचं. ऐकायला हे शास्त्र वाटे. करायला गेलं की माणूस दारू पिऊन सायकल चालवतोय असं दिसे.

पण मी शिकलो. बारसं सव्वा महिन्याने ठेवलं होतं, तोवर मी सगळी वळणं 'खट-पट' करत काढू लागलो होतो, आणि त्यामुळे माझ्यात एक आगाऊपणा आला होता.

इथे माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. भातशेती करणारा माणूस. बोलणं कमी, विचारणं फार. विचारताना डोळ्यांत बघायचे आणि उत्तर ऐकून झाल्यावरही बघत राहायचे, उत्तराच्या मागे आणखी काही आहे का ते शोधत. मला त्यांच्यासमोर बसलं की एकच वाक्य सुचत असे, "छान आहे." भाजीत मीठ दोनदा पडलेलं असलं तरी छान आहे. अंथरुणात ढेकूण असले तरी झोप छान झाली. जावयाने तक्रार करायची नसते असं आमच्या घरात शिकवलेलं, आणि मी ते शिक्षण फारच मनावर घेतलेलं. एकदा बायको म्हणाली होती, "बाबा म्हणतात, तुम्हाला काही दुखलं-खुपलं तरी कुणाला कळायचं नाही." मी ते कौतुक समजून महिनाभर खूश होतो.

बारशाला जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी सुपारी कातरत विचारलं, "जावईबुवा, लेकराला अवेळी ताप आला तर डाक्तरकडं कसं न्याल?"

"सायकल आहे ना, मामा."

"डबलशीट येते?"

"येते की! तुम्ही या एकदा भिवंडीला. स्टँडवरून तुम्हालाच बसवून घरी नेतो. मग कळेल."

दाराआड बायकोने डोळे मिटले ते मला दिसलं. सासऱ्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "येतो मंग. घर बघतो, सायकल बघतो, आनि मंग पोरीला कवा पाठवाची ते बोलतो."

म्हणजे काय झालं ते मला परतीच्या एसटीत, वज्रेश्वरी सोडल्यावर उमगलं. मी माझी बायको आणि मुलगी त्या वाकड्या चिमट्याच्या सायकलवर पणाला लावून आलो होतो.

मुलीला मी तोवर दोनदाच पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती झोपलेली होती. घरी मी पाळणा आणून ठेवला होता आणि तुळईला टांगूनही टाकला होता. पलीकडे लूम चालू झाले की भिंत हलायची, भिंतीबरोबर तुळई, आणि तो रिकामा पाळणा आपला आपणच जरा जरा झुलायचा. शुक्रवारी लूमची सुट्टी असली की तो थांबायचा. मला तो थांबलेला बघवत नसे. मग मी येता-जाता त्याला हात लावायचो.

सासरे येणार म्हणून निरोप आला आणि मला जेवण जाईना. मी सायझिंगमध्ये कारकून होतो, म्हणजे सुताला खळ लावून ते बीमवर, मोठ्या जड रुळावर, गुंडाळतात त्या कारखान्यात. समोर बिलं पडलेली असायची आणि मी मागच्या कोऱ्या बाजूवर स्टँडपासून घरापर्यंतचा नकाशा काढत बसायचो. कुठे वळण आहे, किती काटकोनात आहे, कुठे रस्ता इतका रुंद आहे की अंग नुसतं कललं तरी भागेल. नेहमीच्या रस्त्याने चार वाईट वळणं लागत. मी गावाला मोठा वळसा घालणारा एक रस्ता शोधून काढला. त्यात सगळी वळणं सैल होती. एकच वाईट उरलं, आमच्या गल्लीत शिरतानाचं उजवं वळण. ते टाळायचं तर घरच बदलावं लागलं असतं.

चाचा म्हणाला, "ट्रायल घेऊ."

आदल्या संध्याकाळी चाचा सासरे झाला. डोक्याला फडकं गुंडाळून तो कॅरियरवर बसला आणि स्टँडपासून निघालो. "सासरे ऐसे चूप नही बैठते," असं म्हणून तो मधे मधे मला सासऱ्यांसारखं विचारायचा, "दामादजी, तनखा कितना है?" आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तसा त्याने मागून ओरडायला सुरुवात केली. "खट! पट! खट! पट!" पानाच्या टपरीवरची माणसं उभी राहून बघू लागली. पण मी वळलो. पायाला चाक न लागता, पाठीमागे एवढं ओझं घेऊन, वळलो. चाचा उतरला आणि त्याने माझी पाठ थोपटली. "पास!"

त्या रात्री मी पोटभर जेवलो.

सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, सायकल पुसली, आणि चपला पायात सरकवून निघालो. चाचा दाताला मिश्री लावत दारात बसला होता. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं.

"चप्पल? सासरे येतात और तुम चप्पल? उन्होंने जूता दिया था ना शादी में?"

मी सायकल पुन्हा भिंतीला टेकवली.

त्या बुटांची गोष्ट अशी. लग्नात जावयाला बूट द्यायची सासरच्यांकडे पद्धत. माप घ्यायला मोठा मेहुणा वर्तमानपत्राचं पान आणि पेन्सिल घेऊन आला. "पाय ठेवा, भावजी." मी ठेवला. चप्पल न काढता ठेवला. मी कुणाशी तरी बोलत होतो, माझं लक्ष नव्हतं. मेहुण्याने क्षणभर वाट पाहिली असणार, पण होणाऱ्या जावयाला 'चप्पल काढा' असं कसं म्हणायचं? त्याने पेन्सिल चपलेभोवतीच फिरवली. लग्नात जे काळे चकचकीत बूट आले त्यात माझा पाय असा बसे की पुढे आणखी एखादं पिल्लू झोपू शकलं असतं. सासऱ्यांनी विचारलं, "बसले?" मी म्हणालो, "छान आहेत." तेव्हापासून सासुरवाडीला जाताना मी त्या बुटांच्या टोकात कारखान्यातले सुताचे गुंते ठासून भरत असे आणि वरून पाय घालत असे. सासरे दर वेळी समाधानाने बुटांकडे बघत. गावात सांगतही असत की आमच्या जावयाचा पाय लई मोठा हाय.

आणि ट्रायल मी चपलेवर घेतली होती.

बूट घालून सायकलवर बसलो. पायडलवर पाय ठेवला आणि खाली वाकून पाहिलं. हँडल थोडं जरी हललं तरी बुटाचं टोक चाकाला लागत होतं. थोडं म्हणजे, ज्याला वळण म्हणताच येणार नाही इतकं थोडं. रस्त्यातला दगड चुकवला तरी लागणार.

"चाचा, चप्पलच घालतो."

"और वो पूछेंगे, जूता कहाँ? तो?"

'मामा, बूट मोठे आहेत' हे उत्तर होतं, पण ते मला सुचलं नाही. ते सुचणारा माणूस मी असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

शेवटी असं ठरलं की मी चवड्याच्या अगदी टोकावर पायडल धरायचं आणि बुटांची टोकं बाहेर फाकवून ठेवायची. आणि चाचा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मला 'खट' कुठला ते हाताने दाखवणार. स्टँडकडे जाताना मी बदकासारखे पाय फाकवून सायकल चालवली. दोनदा पाय घसरला. पायडल गरगरत येऊन नडगीवर बसलं.

सासरे एसटीतून उतरले. पांढरं धोतर, टोपी, एका हातात तांदळाची पिशवी आणि काखेत वेलीवरचा एक लांबलचक दुधी. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. बूट बघून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मी म्हटलं, बरं झालं घातले.

"कशी हाय तब्येत?"

"छान आहे."

"खानावळीचं जेवन?"

"छान आहे, मामा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसले, पिशवी मांडीवर, दुधी काखेत. मी देवाचं नाव घेतलं आणि निघालो.

तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. समोरून एखादी हातगाडी दिसली की माझ्या बगला ओल्या होत. खड्डा दिसला तर चुकवायचा नाही, सरळ त्यातूनच जायचं, कारण चुकवायला हँडल लागतं. सासरे मागून हुंकार देत. मी म्हणायचो, "रस्ते जरा असेच आहेत." ते म्हणायचे, "खड्डा बाजूला व्हता. तुमी मधी घातली." मी हसायचो.

मग नाल्याचा उतार आला. मी दोन्ही ब्रेक धरून ठेवले होते तरी सायकलने वेग घेतला आणि माझे पाय शिवणाच्या मशीनसारखे खालीवर होऊ लागले.

"जावईबुवा."

"हां मामा?"

"उतार हाय."

"हो."

"मंग पाय कशाला मारता?"

"सवय आहे. व्यायाम होतो."

"थांबवा की जरा."

"नको मामा, बरं वाटतं," मी म्हणालो. घाम माझ्या डोळ्यांत गेला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

मागे त्यांनी एका हाताने कॅरियर घट्ट धरला. ते मला उतारापेक्षा जास्त भयंकर वाटलं. आता ते मनात काय जमा करत आहेत? हा माणूस वेडा आहे? की खोटं बोलतो? की माझ्या नातीला घेऊन हा असाच खड्ड्यांतून डॉक्टरकडे जाणार? मला तो झुलणारा पाळणा दिसला. आणखी सहा महिने असाच झुलणार, असं वाटलं.

वळसा संपला, आमची गल्ली आली. लूमचा आवाज कानांवर आदळू लागला. कोपऱ्यावर चाचा पाय रोवून उभा होता. एक हात वर. त्याचं तोंड हलत होतं, पण काय बोलतोय ते त्या खडखडाटात ऐकू येणं शक्य नव्हतं. हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. काल सुट्टी होती. काल शुक्रवार होता.

मी वेग कमी केला. माझे पाय बघायचे सोडून मी चाचाचे हात बघू लागलो. त्याने उजवा हात हलवला. उजवा म्हणजे खट? पण तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. म्हणजे त्याचा उजवा तो माझा डावा. मग हा खट की पट? एवढा विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गल्लीतून बीम लादलेली हातगाडी बाहेर आली, आणि मी घाबरून हँडल एकदम उजवीकडे फिरवलं.

डावा बूट पुढे होता. चाकाने त्याचं टोक मडगार्डच्या पट्टीत दाबून धरलं. बूट थांबला, पण पायडल थांबायला तयार नव्हतं. त्याने माझा पाय खाली ओढला, अंगठा मुरगळला, आणि आम्ही तिघं, मी, सासरे आणि सायकल, अगदी सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल अशा गतीने डावीकडे कलंडलो.

दुधी सुटला आणि घरंगळत कारखान्याच्या दारातून आत गेला. पिशवी सासऱ्यांनी सोडली नाही. ते बसल्यासारखे पडले, धोतर झटकून उठले, आणि बोलले, "लागलं?"

"नाही नाही. काही नाही. छान," मी म्हणालो. खरंच मी 'छान' म्हणालो.

माझा पाय बाहेर आला होता, पण बूट चाकातच अडकून राहिला होता. चाचाने आणि हातगाडीवाल्याने मिळून तो उपसला. "टायमिंग तो सही था," चाचा पुटपुटला, "लेकिन..." आणि दुधी शोधायला आत निघून गेला. सासरे कारखान्याच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी तो बूट मागून घेतला. टोक दबलं होतं. ते सरळ करायला त्यांनी आत हात घातला.

हात बाहेर आला तो सुताचा गुंता घेऊन. त्यांनी पुन्हा हात घातला. पुन्हा गुंता. आणखी एक. त्यांच्या मांडीवर ढीग झाला. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटत होतं.

"ह्ये काय?"

"ते जरा... उबेला."

त्यांनी बूट माझ्या उघड्या पायाशेजारी धरला. माझा अंगठा सुजून लाल झाला होता, आणि तरीही बूट त्याच्यापुढे बोटभर शिल्लक होता.

"मोठे हायेत?"

"थोडे. पण छान आहेत."

"कवापासून घालता असं?"

मी दुसऱ्या पायातला बूटही काढू लागलो.

सासऱ्यांनी बूट बाजूला ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "जावईबुवा, उद्या माझी पोर बोलली का डोकं दुखतं, तर तुमी काय बोलनार? छान हाय? लेकरू रडलं तर? छान हाय? मी घर बघाला न्हाय आलो. घर काय, भिवंडीतली घरं मला ठावं हायेत. हा मानूस खरं कवा बोलतो त्ये बघाला आलो."

म्हणजे मी नकाशे काढले ते वळणांचे, आणि परीक्षा होती भलतीच. आणि तीत मी एसटी स्टँडवरच नापास झालो होतो.

मला वाटलं आता संपलं. ते उठतील, पिशवी मला देतील आणि पुढची एसटी धरतील. त्या भीतीने आत कुठेतरी बूच उडालं.

"मामा, बूट मोठे आहेत," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून मोठे आहेत. माप चपलेवर दिलं मी. सायकलचा चिमटा वाकलाय, आणि पायडल थांबत नाही, व्यायाम-बियाम काही नाही, वेल्डिंग केलंय. खानावळीची आमटी म्हणजे पाणी असतं. पाठ खाजते, खोलीत ढेकूण झालेत. तुमच्याकडेही आहेत. बारशाच्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. हे लूम सकाळी सुरू झाले की तो पाळणा रिकामाच हलतो, मला बघवत नाही, आणि अंगठा... अंगठा फार दुखतोय हो."

हातगाडीवाला, जो निघायला हवा होता, तो तिथेच उभा होता. चाचा दुधी छातीशी धरून दारात उभा होता.

सासरे माझ्याकडे बघत राहिले. नेहमीसारखं, उत्तराच्या मागे बघत. मग म्हणाले, "वरनात मीठ न्हवतं?"

"अजिबात नव्हतं."

"मला पन वाटलं व्हतं," ते म्हणाले. "बायकोला बोललो न्हाय."

मग त्यांनी मांडीवरच्या गुंत्यातून एक लांब धागा ओढून काढला, खाली वाकले आणि माझा पाय हातात घेतला. मी मागे ओढायला गेलो. "थांब रं," ते म्हणाले. पहिल्यांदाच 'थांब' म्हणाले, 'थांबा' नाही. टाचेपासून अंगठ्यापर्यंत धागा ताणून त्यांनी गाठ मारली आणि तो घडी करून टोपीच्या आत खोचला.

खोलीत आल्यावर त्यांनी पाळण्याची दोरी दोनदा ओढून बघितली, एक गाठ स्वतः सोडून पुन्हा घट्ट बांधली. ढेकणांवर रॉकेल सुचवलं. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले, मी वाढवून दिली. जाताना उंबऱ्यात थांबून बोलले, "अवस होऊन जाऊ दे. मंग आनतो दोघींना." आणि कोपऱ्यातल्या सायकलकडे बोट करून, "पन तिच्यावर न्हाय."

सायकलला पुढच्याच आठवड्यात नवा चिमटा आणि नवं फ्रीव्हील घातलं. चाचाला वाईट वाटलं.

अमावास्या झाली आणि मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो, चपला घालून. एसटी आली. आधी गाठोडी उतरली, मग बायको, आणि तिच्या खांद्यावर मुलगी, या वेळी टक्क जागी. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं तिचे आजोबा पाहतात. मी काही बोलणार एवढ्यात सासरे पुढे झाले आणि त्यांनी कागदात बांधलेल्या करकरीत चामडी वहाणा माझ्यासमोर ठेवल्या. "घाल. माप घेऊन करवल्या. या टायमाला चूक न्हाय."

मी घातल्या. माझा अंगठा तोवर बरा झाला होता. सूज पूर्ण उतरली होती. आणि धाग्याचं माप होतं सुजलेल्या अंगठ्याचं.

जुना शब्द जिभेवर आला. अगदी टोकापर्यंत आला. बायको माझ्याकडे बघत होती, सासरे बघत होते, खांद्यावरून तीसुद्धा बघत होती.

"मामा, मोठ्या झाल्या," मी म्हणालो. "टाचेला सैल आहेत. आणि डावीचा पट्टा टोचतोय."

सासऱ्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि लेकीकडे वळले.

"बघ गो. आता बोलाला लागला तर थांबतच न्हाय."